पुरेसे किती? : महर्षी कर्वे यांचे निवृत्त जीवन

चरित्र वाचताना आपले लक्ष सहसा नायकाच्या कर्तृत्वाकडे जाते. त्याने कोणत्या संस्था काढल्या, कोणते मान मिळवले, याची यादी आपण पाठ करतो. धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत ही यादी मोठी आहे आणि तुम्हांला ती बहुधा ठाऊकही असेल. म्हणून येथे आपण त्यांच्या चरित्राकडे एका वेगळ्या प्रश्नातून पाहणार आहोत. हा मनुष्य जगत होता कशावर? आणि जे मिळत होते ते त्याला पुरत कसे होते?

प्रथम एक साधा हिशेब करा. कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे नोकरी २३ वर्षांची. त्यांचे निधन ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी झाले. म्हणजे निवृत्तीचा काळ ४८ वर्षांचा, नोकरीच्या दुपटीहून अधिक. आपण ज्यांना महर्षी म्हणून ओळखतो, त्यांचे अर्ध्याच्या जवळपास आयुष्य एका लहानशा निवृत्तिवेतनाच्या आधारावर गेले.

या निवृत्तिवेतनाचे स्वरूप समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरुड या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. १८७५ मध्ये एका परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून, सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला पोहोचले. तेथे ते वयाने फार लहान दिसतात, या कारणाने त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. पदवी १८८४ मध्ये मिळाली. प्रपंच सांभाळून उशिरा शिकणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ही वर्षे मुद्दाम ध्यानात ठेवावीत.

मुंबईत शाळा आणि खासगी शिकवण्या यांवर त्यांचे बरे चालले होते. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडून फर्ग्युसनमध्ये येण्याविषयी विचारणा झाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर किमान २० वर्षे काम करावे आणि नंतर अल्पसे निवृत्तिवेतन घ्यावे, असा तेथील नियम होता. कर्व्यांनी तो स्वीकारला. आपले उत्पन्न किती असणार आणि म्हातारपणी ते किती उरणार, हे त्यांनी तिशीतच जाणून घेतले होते. या गोष्टीला महत्त्व आहे. परिस्थितीने लादलेले दारिद्र्य आणि समजून उमजून स्वीकारलेली मर्यादा या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीत माणूस कुढतो. दुसरीत तो खर्चाची आखणी करतो.

पुढील घटना परिचित आहेत. प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० च्या सुमारास तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जात. स्वतःच्या बचतीतील पैसा, इतकेच नव्हे तर आयुर्विम्याची रक्कमही, त्यांनी आश्रमाला देऊन टाकली.

येथे तुम्ही क्षणभर थांबावे. कर्व्यांच्या काटकसरीचे गुणगान करणारे लेखन विपुल आहे. परंतु काटकसर एकट्याची नसते, ती घराची असते. घरात मुले होती आणि विम्याचा आधार गेल्यावर त्यांचे काय होईल, ही चिंता बायांना होती. संसाराला हातभार लागावा म्हणून त्यांनी सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मचरित्रातून या ओढाताणीची दुसरी बाजू कळते. पतीच्या समाधानाची किंमत काही प्रमाणात पत्नीने मोजली, हे चरित्राच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. तसे केल्यास कर्वे मोठे ठरतील, पण चरित्र खोटे ठरेल.

१९१४ मध्ये कर्वे निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. एवढ्या मोठ्या कार्याचा संस्थापक स्वतः मात्र पूर्वीसारखाच मोजक्या रुपयांत राहत होता. संस्थेचा पैसा आणि घरचा पैसा यांच्यामधील रेघ त्यांनी कधी पुसट होऊ दिली नाही. राहणी साधी, प्रवास शक्य तेथे पायी, हिशेब चोख. वयाच्या ७१व्या वर्षी ते परदेशी निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान येथे विद्यापीठाच्या कार्याची माहिती देत व निधी गोळा करत हिंडले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले आणि आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातील काही भाग दरमहा त्यालाच दिला. १९४४ मध्ये समता संघ काढला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

भाषेच्या अभ्यासकांसाठी येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ‘निवृत्ती’ या शब्दाचा मूळ अर्थ मागे फिरणे, विषयांपासून परावृत्त होणे, असा आहे; ‘प्रवृत्ती’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. नोकरीच्या संदर्भात आपण तो काम थांबणे या अर्थाने वापरतो. कर्व्यांनी काम थांबवले नाही. अधिक मिळवण्याच्या इच्छेतून मात्र ते कधीच मागे फिरले होते. त्यांच्या बाबतीत शब्दाचा जुना अर्थ खरा ठरला आणि नवा लटका पडला. त्याचप्रमाणे ‘काटकसर’ आणि ‘कंजुषी’ यांतील भेदही या चरित्रातून स्पष्ट होतो. कंजूष मनुष्य पैसा साठवण्यासाठी वाचवतो. कर्वे वाचवत ते देण्यासाठी. आणि देऊन झाल्यावर उरेल त्यात भागवत.

१९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभरी गाठताना, भारतरत्न हे सन्मान त्यांना मिळाले. सन्मानांनी राहणी बदलली नाही, कारण ती कोणाच्या मान्यतेवर अवलंबूनच नव्हती. पुरेसे किती, याचे उत्तर त्यांनी उत्पन्न ठरण्याआधीच देऊन ठेवले होते. थोडक्यात समाधान मानणे सोपे नसते, हे बायांच्या आत्मचरित्राने आपल्याला दाखवले. ते शक्य असते, हे या ४८ वर्षांनी दाखवले. चरित्र वाचताना ही दोन्ही सत्ये एकत्र धरून ठेवावयास शिका.

स्वाध्याय : तुमच्या परिचयातील एखाद्या निवृत्त व्यक्तीच्या महिन्याच्या खर्चाची आखणी तिच्याकडून समजून घ्या. त्या काटकसरीचा भार घरातील कोणाकोणावर पडतो, याचा विचार करून सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.