राजा दिनिश आणि दोन मुलं

आज पोर्तुगालच्या राजा दिनिशची गोष्ट. १२७९ मध्ये गादीवर बसला तेव्हा वय फक्त १७, म्हणजे आपलं बारावीचं! शेती वाढवली, १२९० मध्ये विद्यापीठ काढलं, कविताही करायचा. पण सगळा जीव अनौरस मुलावर, अफोन्सो सांशिशवर. राणीचा मुलगा, खरा वारस, त्याचंही नाव अफोन्सोच, धुमसत राहिला आणि शेवटी बापाविरुद्ध उठला. राणी इझाबेल दोघांत समेट घडवायला धडपडली. राजानं संशयानं तिलाच दूर धाडलं, तरी तिनं सोडलं नाही. (चर्चनं पुढे तिला संत मानलं, ते उगाच नाही.) १३२४ मध्ये तह झाला, १३२५ च्या जानेवारीत राजा गेला. नव्या राजानं सावत्र भावाला देशाबाहेर काढलं. आणि १३५५ मध्ये त्याच्याच मुलानं, पेद्रोनं, त्याच्यावर शस्त्र उपसलं.