गोलंदाज बाळू पालवणकर

राजूरच्या आसपासच्या कोणत्याहि गांवीं रान मोकळें झालें कीं मुलें फळकुटाची बॅट घेऊन क्रिकेट खेळूं लागतात. त्यांपैकीं फारच थोड्यांस बाळू पालवणकर हें नांव ठाऊक असेल. हिंदुस्थानांतील पहिला थोर गोलंदाज म्हणून जाणते लोक ज्यांचें नांव घेतात, ते हे गृहस्थ चांभार कुळांत जन्मले होते. आणि त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस हवा असतां त्याच हाताचा स्पर्श मात्र पुष्कळांस नको होता.

त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें. वडील लष्करी नोकरींत. पुढें कुटुंब पुण्यास राहूं लागलें, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या सामानावर बाळू व त्यांचे धाकटे भाऊ हा खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्याच्या एका पारशी क्लबांत होती. मैदान झाडावें, रूळ फिरवावा, आणि वेळ पडल्यास सभासदांस चेंडू टाकावा, हें काम. दरमहा वेतन रुपये तीन. १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत गेले, तेथें एक रुपया वाढला. इतरांस जी करमणूक, तो बाळूंचा पोटाचा धंदा होता, हें ध्यानांत ठेवावें.

पूना क्लबांत ग्रेग नांवाचे एक नामांकित लष्करी खेळाडू सरावास येत. इतर मंडळी जमण्यापूर्वींच ते हजर होत आणि बाळूंकडून तासभर चेंडू टाकवून घेत. बाळूंनीं आपणांस बाद केलें तर ते दर वेळीं आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या रोजच्या मेहनतीनें बाळूंचा डावा हात असा तयार झाला कीं, चेंडूची गति, वळण व टप्पा हवा तसा बदलणें त्यांस सहज साधूं लागलें. (हेच ग्रेगसाहेब उतारवयांत रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरु झाले.) परंतु त्या क्लबांत बाळूंनीं हजारों चेंडू टाकले, तरी बॅट त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. बॅट ही मालकाची, चेंडू टाकणें हें चाकराचें काम, अशी तेथील समजूत होती.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांस हरवावयाचें होतें. तेव्हां प्रश्न निघाला कीं, ह्या मुलास घ्यावें काय? कित्येक उच्चवर्णीय सभासदांनीं विरोध केला. दुसऱ्यांनीं आग्रह धरला. शेवटीं बाळू संघांत आले. आमच्या मतें हें दार प्रथम प्रेमानें उघडलें नाहीं, विजयाच्या गरजेनें उघडलें. मैदानावर ते सर्वांचे सोबती असत. चहाची वेळ झाली कीं सोबती आंत बसत, आणि बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. जेवणास त्यांचें पान निराळें. तोंड धुवावयाचें झालें तर अस्पृश्य गडीच पाणी घालावयास येई. वेगळ्या भांड्याचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. तें भांडें कोठें ठेवलेलें असे, हेंहि आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होतें. नवल असें कीं, चामड्याचा चेंडू बाळूंच्या हातून इतरांच्या हातीं जातांना कोणासहि विटाळ होत नसे!

बाळूंनीं मात्र गडी बाद करण्याचें सोडलें नाहीं. साताऱ्याच्या युरोपियन संघावर त्यांनीं मिळवून दिलेला जय इतका गाजला कीं, पुण्यांत त्यांचा जाहीर सत्कार झाला. जे एकत्र खेळतात त्यांनीं एकत्र खाण्यापिण्यासहि हरकत नसावी, असें न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं त्या प्रसंगीं सुचविलें.

१८९६ सालीं पुण्यांत प्लेग आला, तेव्हां बाळू मुंबईस गेले. तेथें ते हिंदु जिमखान्यातर्फे खेळूं लागले व त्यांस रेल्वेंत नोकरीहि मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. त्यांत बाळूंनीं दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले, आणि धाकटे बंधु शिवराम हेहि त्याच संघांत होते. तोंवर हिंदु जिमखान्यांत ते इतरांच्या पंक्तीस जेवूं लागले होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला. बाळूंनीं दुखऱ्या खांद्यानें ११४ गडी बाद केले. त्या काळीं कॉलेजांत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांस त्यांचा मोठा अभिमान वाटे.

कप्तानपद मात्र वर्षानुवर्षें दुसऱ्यांकडे गेलें. स्वतः कप्तान पै ह्यांनींहि हा मान बाळूंचा आहे असें बोलून दाखविलें होतें. १९२० सालीं तर बाळूंस संघांतूनच वगळलें, आणि पै आजारी असतां विठ्ठल व शिवराम ह्या बंधूंस डावलून दुसरा कप्तान नेमला. तेव्हां दोघे भाऊ संघांतून बाहेर पडले आणि आपलें कारण त्यांनीं वर्तमानपत्रांतून लोकांपुढें मांडलें. गवगवा झाला. अंतिम सामन्यास पै परत आले, भाऊ परत आले, व बाळूंस उपकप्तान करण्यांत आलें. १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदु संघ विजयी झाला. थोरल्याचा हक्क धाकट्यास मिळाला, तोहि भांडूनच.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणांत पडले. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचें व डॉ. आंबेडकरांचें पटलें नाहीं, आणि १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. एकाच दुःखांतून वर आलेल्या दोन माणसांस अशा रीतीनें समोरासमोर उभें राहावें लागलें, ह्याचें वाईट वाटतें; तरी बाळू लोभानें तिकडे गेले असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. हिंदु समाजांत राहूनच न्याय मिळवितां येईल, असा त्यांचा भरंवसा होता, आणि ज्यांच्या पंक्तीस बसण्यासाठीं त्यांनीं आयुष्याचीं इतकीं वर्षें घालविलीं, त्यांस सोडून जाणें त्यांस सोपें नसावें.

४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. अव्वल दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले होते.