क्ष-किरण तंत्रज्ञ घडविणाऱ्या मादाम क्यूरी

हाड मोडलेला रुग्ण क्ष-किरण कक्षात येतो, तेव्हा आपले लक्ष प्रथम यंत्राकडे आणि नंतर डॉक्टरांच्या अहवालाकडे जाते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तंत्रज्ञ मात्र आपल्या नजरेतून निसटतो. रुग्णाला कोणत्या स्थितीत झोपवावे, किरणांची मात्रा किती ठेवावी, शरीराचा कोणता भाग झाकावा, हे सारे त्याच्या हाती असते. तो शिकलेला नसेल तर लाखो रुपयांचे यंत्रही निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते. हे सत्य शंभर वर्षांपूर्वी रणांगणाच्या धुमश्चक्रीत एका थोर विदुषीने ओळखले आणि त्यासाठी स्वतः शाळा उघडली. त्या म्हणजे मादाम मेरी क्यूरी. रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके यांमुळे त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु शिक्षिका म्हणून त्यांनी केलेले हे कार्य तितकेसे परिचित नाही.

मेरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. माहेरचे नाव मारिया स्क्लोडोव्स्का. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. पोलंडचा हा भाग त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. मेरी दहा वर्षांच्या असताना क्षयाने आईचे निधन झाले. १८८३ मध्ये त्या सुवर्णपदक मिळवून शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. तेव्हा त्यांनी थोरली बहीण ब्रोनिया हिच्याशी एक करार केला. ब्रोनियाने पॅरिसला जाऊन वैद्यकीय शिक्षण घ्यावे, मेरींनी नोकरी करून तिला पैसे पाठवावेत आणि पुढे ब्रोनियाने मेरींना आधार द्यावा. त्यानुसार त्यांनी काही वर्षे एका जमीनदार कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून काम केले. फावल्या वेळात त्या गावातील शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिश भाषा शिकवीत. सरकारी दृष्टीने हा गुन्हा होता आणि पकडले गेल्यास कठोर शिक्षा ठरलेली होती. शिकविणे हे त्यांच्या रक्तातच होते, याची ही पहिली खूण.

१८९१ मध्ये त्या पॅरिसला पोहोचल्या आणि सोरबोन विद्यापीठात दाखल झाल्या. थंडी आणि अर्धपोटी दिवस सोसत १८९३ मध्ये त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळविली, तर पुढील वर्षी गणिताची पदवी द्वितीय क्रमांकाने. जुलै १८९५ मध्ये शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या काळात या किरणांशी आपले आयुष्य किती निगडित होणार आहे, याची मेरींना तेव्हा कल्पनाही नसेल. १८९८ मध्ये पती-पत्नींनी पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक बेक्वेरेल यांच्यासह उभयतांना मिळाले. रेडियम मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेऊन अमाप धन कमावता आले असते. पण ते ज्ञान त्यांनी जगाला मुक्त ठेवले. १९ एप्रिल १९०६ रोजी घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. दोन लहान मुलींची जबाबदारी शिरावर घेऊन मेरींनी पतीच्या जागी अध्यापन सुरू केले आणि त्या सोरबोनमधील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१४ मध्ये पॅरिस येथे त्यांच्या रेडियम संस्थेची इमारत पूर्ण झाली आणि त्याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले. संस्थेतील तरुण सैन्यात गेले. मेरींनी आपल्याजवळचे सारे रेडियम शिशाच्या पेटीत घालून बोर्दो शहरी सुरक्षित ठेवले आणि त्या परत आल्या. आघाडीवर काय घडत होते? सैनिकांच्या शरीरात गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे रुतलेले असत. ते नेमके कोठे आहेत हे शल्यचिकित्सकाला दिसत नसे आणि चाचपडत केलेल्या शस्त्रक्रियेने जखम अधिकच बळावे. क्ष-किरण यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होती; ज्यांना त्यांची निकड होती ते जखमी मात्र शेकडो कोस दूर होते.

जखमींना यंत्रापर्यंत नेता येत नसेल तर यंत्रच जखमींपर्यंत न्यावे, असा विचार मेरींनी केला. धनिक कुटुंबांकडून त्यांनी मोटारी मागून घेतल्या, त्यांत क्ष-किरण यंत्र बसविले आणि मोटारीच्या इंजिनावर चालणाऱ्या डायनॅमोने त्याला वीज पुरविली. रुग्णालयात पोहोचल्यावर खिडक्यांना काळे पडदे लावायचे, तारा जोडायच्या, की काम सुरू. सैनिक या गाड्यांना प्रेमाने छोट्या क्यूरी म्हणू लागले. अशा २० गाड्या आणि सुमारे २०० स्थायी कक्ष त्यांनी उभे केले. युद्धाच्या काळात त्यांतून दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असे सांगितले जाते. मेरी स्वतः मोटार चालविण्यास शिकल्या, बिघडलेले इंजिन दुरुस्त करण्यास शिकल्या आणि शरीररचनाशास्त्राची पुस्तके घेऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. एकदा त्यांची गाडी रस्त्यालगत उलटली. पण काम थांबले नाही.

लवकरच खरी अडचण समोर आली. पैसा आणि यंत्रे मिळत होती, परंतु ती चालविणारे जाणते हात मिळत नव्हते. उत्तम यंत्र अनेक ठिकाणी अकुशल हाती पडून वाया जाई. मेरींनी प्रथम थोरली कन्या इरेन हिला तयार केले. वयाची विशीही न गाठलेली ही मुलगी बेल्जियममधील आघाडीच्या रुग्णालयात एकटीने क्ष-किरण विभाग सांभाळू लागली. भूमितीचे साधे गणित तिला तेथील अनुभवी लष्करी डॉक्टरांनाही समजावून सांगावे लागे.

हे गणित म्हणजे काय? एका चित्रात धातूच्या तुकड्याची सावली दिसते. पण तो किती खोल आहे हे कळत नाही. म्हणून क्ष-किरण नळी ठरावीक अंतर सरकवून दुसरे चित्र घ्यायचे. सावली किती सरकली ते मोजून समरूप त्रिकोणांच्या नियमाने तुकड्याची खोली काढायची. मोजमापात चूक झाली तर सुरी भलतीकडे जाणार. तेव्हा केवळ कळ दाबणारा नव्हे, तर आपण काय करतो हे समजणारा माणूस हवा होता.

त्यासाठी १९१६ मध्ये मेरींनी स्त्रियांकरिता क्ष-किरण प्रशिक्षणवर्ग सुरू केला. एडिथ कॅव्हेल रुग्णालयाच्या परिचारिका शाळेशी तो संलग्न होता. पुढे रेडियम संस्थेतही वर्ग चालले. अभ्यासक्रम काही आठवड्यांचाच होता, परंतु त्यात वीज, क्ष-किरणांचे शास्त्र, शरीररचना आणि प्रत्यक्ष यंत्र हाताळणे हे सर्व होते. विद्यार्थिनी निरनिराळ्या थरांतून येत. काहींचे शालेय शिक्षणही बेताचेच होते. जटिल विषय सोप्या शब्दांत उलगडण्याची मेरींची हातोटी येथे कामी आली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० स्त्रिया तेथून शिकून बाहेर पडल्या. १९२१ मध्ये मेरींनी या अनुभवावर युद्ध आणि क्ष-किरणशास्त्र या विषयाचे पुस्तक लिहिले.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे. त्या काळी किरणांपासून संरक्षणाची साधने तुटपुंजी होती आणि धोक्याची पुरती जाणीवही नव्हती. मेरी व इरेन दोघीही वर्षानुवर्षे उघड्या किरणांत वावरल्या. ४ जुलै १९३४ रोजी रक्त निर्माण होणे थांबण्याच्या विकाराने मेरींचे निधन झाले. इरेन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९९५ मध्ये मेरींचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानपूर्वक नेण्यात आले. स्वकर्तृत्वाने हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या वेळी शवपेटीची तपासणी झाली. त्यांच्या आजाराचे कारण रेडियमपेक्षा युद्धकाळातील क्ष-किरणच असण्याचा अधिक संभव आहे, असे मत फ्रान्सच्या किरणसंरक्षण तज्ज्ञांनी नोंदविले. ज्या किरणांनी त्यांनी सैनिकांचे प्राण वाचविले, त्यांचेच मोल त्यांना स्वतःच्या देहाने चुकवावे लागले असावे.

या पिढीच्या बलिदानातून जग शहाणे झाले. ब्रिटनमध्ये १९२० साली क्ष-किरण तंत्रज्ञांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेत १९२२ साली परीक्षा घेऊन तंत्रज्ञांची नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली. १९२८ मध्ये किरणसंरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. आपल्या देशात १९८३ पासून, मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवते आणि पात्र कर्मचारी असण्याची अट घालते. तसेच २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व अन्य सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांचे शिक्षण आणि नोंदणी यांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. काही आठवड्यांच्या वर्गापासून सुरू झालेले हे शिक्षण आज पदवी, पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन इथवर पोहोचले आहे.

वाचकहो, रुग्णालयासाठी यंत्राची देणगी देणारे हात समाजात पुष्कळ आहेत आणि ते वंदनीयच आहेत. परंतु यंत्राची किंमत मोजताना ते चालविणाऱ्याच्या शिक्षणाचाही विचार व्हावयास हवा. एखाद्या होतकरू मुलाला वा मुलीला या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती दिली, तर ती देणगी यंत्राहून अधिक काळ टिकेल. आपणही तपासणीस जाताना तंत्रज्ञ प्रशिक्षित आहे ना, हे संकोच न बाळगता विचारावे. गर्भवती भगिनींनी तर आपली अवस्था आधीच सांगावी.

दरवर्षी ८ नोव्हेंबर हा जागतिक क्ष-किरण तंत्रज्ञ दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या आदल्याच दिवशी मादाम क्यूरींची जयंती येते. या योगायोगाचे स्मरण ठेवून, ज्ञान मिळविणाऱ्या आणि ते इतरांच्या हाती सोपविणाऱ्या या थोर शिक्षिकेस विनम्र अभिवादन.