फादर सांतापाव : झुडपांची खरी नावे शोधणारे धर्मगुरू

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव असो वा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव असो, अडुळसा कोणता हे तेथील वडीलधाऱ्या मंडळींना विचारावे लागत नाही. खोकला झाला की त्याच्या पानांचा काढा करावा, हे घरोघरी ठाऊक असते. कोरांटीचे मात्र तसे नाही. पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप ती कोरांटी, जांभळ्या फुलांचे बिनकाट्याचे झुडूप तीही कोरांटी आणि पांढरी फुले आली तरी ती कोरांटीच! शास्त्राच्या दृष्टीने पिवळी ती बार्लेरिया प्रायोनायटिस. जांभळी व पांढरी ह्या बहुधा बार्लेरिया क्रिस्टॅटा ह्या एकाच जातीच्या दोन छटा. फुलाचा रंग पाहून जात ठरविणारा येथे हमखास फसतो. औषधासाठी झुडूप उपटून आणणाऱ्याच्या बाबतीत ही फसगत केवळ पुस्तकी राहत नाही.

अडुळसा, कोरांटी, स्त्रियांच्या वेणीतील अबोली आणि सह्याद्रीवरील कारवी ही सर्व अ‍ॅकँथेसी नावाच्या एकाच कुळातील होत. मुंबई इलाख्यातील ह्या कुळाचा बारकाईने अभ्यास करून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे विद्वान एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे आमच्या अनेक वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. येशू संघाचे फा. हर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांच्या जीवनकार्याची ही ओळख आम्ही सादर करीत आहोत.

फा. सांतापाव ह्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातील ला गालेरा ह्या गावी झाला. रोम येथे त्यांनी तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. पुढे लंडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्रातील पदवी व डॉक्टरेट संपादन करून क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात त्यांनी काम केले. १९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

झेवियर्समध्ये त्यांना एक मोठा वारसा लाभला. स्वित्झर्लंडहून १९०३ साली मुंबईस आलेले येशू संघीय फा. एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केला होता. फा. ब्लॅटर १९३४ साली निवर्तले. आज हा संग्रह ब्लॅटर हर्बेरियम ह्या नावाने ओळखला जातो व त्यात लाखाहून अधिक नमुने आहेत. एखाद्या झुडपाचे नाव निश्चित करावयाचे तर असा संग्रह हाताशी असावाच लागतो. फुलाफळांसह फांदी कापून ती कागदात दाबावयाची, कागद बदलीत बदलीत वाळवावयाची, जाड कागदावर चिकटवावयाची आणि ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व स्थानिक नाव ही माहिती खाली लिहावयाची. मग ती फांदी पूर्वीच्या नमुन्यांशी व ग्रंथांतील वर्णनांशी ताडून पाहावयाची. स्थळ व तारीख लिहिलेली नसेल तर सुंदरातील सुंदर नमुनाही अभ्यासकाला मुकाच.

त्या काळी ह्या प्रदेशाचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुक ह्यांचा १९०१ ते १९०८ ह्या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश. एवढ्या विस्तृत प्रदेशावरील ग्रंथ कितीही मोलाचा असला, तरी एकेका डोंगरावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्याची जागा तो घेऊ शकत नाही. फा. सांतापाव ह्यांनी त्यासाठी खंडाळा निवडला. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि १९६० व १९६७ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. छापलेल्या पुस्तकाकडे पुन्हा वळून ते दुरुस्त करीत राहणे, हा त्यांचा विशेष आम्हांस त्यांच्या पदांपेक्षा मोठा वाटतो. खंडाळ्यातील एका नाजूक रोपट्याला त्यांनी दिलेले कॅन्स्कोरा खंडालेन्सिस हे नाव आजही त्या गावाची आठवण बाळगून आहे.

खंडाळ्याच्या उतारांवर कारवी दाट माजते. तिच्या काठ्यांचे कूड विणून व शेणमातीने लिंपून भिंती करण्याची रीत घाटमाथ्यावर व कोकणात जुनी आहे. पण अभ्यासकाची ती परीक्षा पाहते. कारवी सुमारे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. सारा डोंगर एकदम निळाजांभळा होतो, आणि बी धरून ते झुडूप मरून जाते. मधल्या वर्षांत जो जाईल त्याच्या हाती केवळ खरखरीत पाने लागतात. तिच्या शेजारी तिचीच भावंडे असतात. वायटी नावाची एक, तर दुसरी बुटकी, टोपलीसारखी गोलसर वाढणारी टोपली कारवी. ह्या कुळातील जाती फुलांच्या रचनेवरून ओळखाव्या लागतात. आणि फूल तर वर्षानुवर्षे येत नाही! अशा झुडपाविषयी खात्रीने लिहिण्यास त्याच डोंगरावर चिकाटीने जात राहणाराच माणूस हवा. कारवी व बांबू ह्यांच्या अशा सामूहिक फुलोऱ्याविषयी १९६२ साली फा. सांतापाव ह्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्या नियतकालिकाच्या संपादनात ते डॉ. सालिम अली ह्यांचे सहकारी होते.

कारवीच्या शास्त्रीय नावाची कथाही सरळ नाही. १८३२ साली नेस ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी तिला स्ट्रॉबिलँथिस कॅलोसा म्हटले. १९४४ साली ब्रेमेकाम्प ह्या डच अभ्यासकांनी ती मोठी प्रजाती फोडून अनेक लहान प्रजाती केल्या व आपल्या मराठी शब्दावरून कार्विया हे नाव घडविले. पुढील संशोधकांनी हे तुकडे पुन्हा जोडले आणि जुने नाव परत आले. मराठी शब्द शास्त्रातून मागे पडला ह्याची आम्हांस थोडी हळहळ वाटते. पण नाव ठरते ते नियमाने, हळहळीने नव्हे.

अडुळशाचेही तसेच. लिनियस ह्यांनी १७५३ साली त्यास जस्टिशिया अधातोडा म्हटले. नेस ह्यांनी त्यास अधातोडा ह्या प्रजातीत घातले. पण वनस्पतिशास्त्रात तोच शब्द दोनदा जोडून नाव करता येत नाही, म्हणून संस्कृत वासा-वासकावरून अधातोडा व्हॅसिका हे नाव आले. आता ते झुडूप पुन्हा जस्टिशियात गणले जाते व लिनियसचे नाव ग्राह्य मानले जाते. औषधांच्या बाटल्यांवर मात्र दोन्ही नावे दिसतात. दोन वनस्पती असाव्यात असे समजून कोणी गोंधळू नये.

फा. सांतापाव ह्यांनी पुरंदर व सौराष्ट्र येथील वनस्पतींवरही ग्रंथ लिहिले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले नेहमीच्या वृक्षांविषयीचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली प्रसिद्ध केले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ह्या सरकारी संस्थेचे ते संचालक होते व १९६७ साली त्या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. ए. एन. हेन्री ह्यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतातील सपुष्प वनस्पतींचा कोश त्यांच्या निधनानंतर, १९७३ साली, प्रकाशित झाला.

त्यांच्या हयातीतच, १९६४ साली, दोन भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांच्या आवडत्या अ‍ॅकँथेसी कुळातील एका नव्या प्रजातीस सांतापावा असे नाव दिले होते. पुढे तपासाअंती ती वनस्पती निराळ्या प्रजातीची नसून हायग्रोफिलाचीच आहे असे ठरले. मराठवाड्यातील ओढ्या-तळ्यांच्या काठी उगवणारा काटेरी, निळसर फुलांचा कोळशिंदा, म्हणजेच तालिमखाना, हाही त्याच हायग्रोफिला प्रजातीतला आहे.