लॉर्ड रॅले : नादब्रह्माचा गणिती उपासक

भूकंपाचा हादरा आणि एकट्या इलेक्ट्रॉनचा प्रवास यांचा संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. हे दोन्ही धागे जुळतात ते लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावापाशी.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. नाजूक प्रकृतीमुळे शालेय शिक्षणात वारंवार खंड पडला. तरीही १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सर्वप्रथम आले. १८७२ मध्ये संधिवाताच्या तापाने त्यांना गाठले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरील नौकेतच ध्वनिशास्त्रावरील आपल्या विख्यात ग्रंथाचे लेखन त्यांनी सुरू केले. पुढच्याच वर्षी वडिलांच्या निधनानंतर उमरावपद आणि विस्तीर्ण जमीनजुमला त्यांच्याकडे आला. जमीनदारी की विज्ञान, हा पेच त्यांनी १८७६ मध्ये सोडवला. जमिनीचा कारभार धाकट्या भावाच्या हाती देऊन ते टर्लिंग येथील घरच्या प्रयोगशाळेत रमले. मॅक्सवेल यांच्यानंतर १८७९ ते १८८४ या काळात त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची धुरा वाहिली.

घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागालगत धावणाऱ्या लाटांचे गणित त्यांनी १८८५ मध्ये मांडले. भूकंपात या लाटांचा मोठा वाटा असावा, हा त्यांचा कयास पुढे खरा ठरला. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, हा सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरकही त्यांनी नजरेआड केला नाही. त्यातूनच विल्यम रॅम्झी यांच्यासह अरगॉन वायूचा शोध लागला. १९०४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली. ३० जून १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे समीकरण मात्र कामाला येतच राहिले. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर अशी लाट सोडली, की तिच्यासोबत विद्युतक्षेत्राचीही लाट सरकते आणि तिच्या खळग्यात इलेक्ट्रॉन अडकून पुढे वाहून नेला जातो. विद्युतदाबाने घडवलेल्या सूक्ष्म कप्प्यांना क्वांटम डॉट म्हणतात. अशा दोन कप्प्यांमध्ये एकच इलेक्ट्रॉन ध्वनिलाटेवरून नेण्यात २०११ मध्ये दोन संशोधक गटांना यश आले. त्यांपैकी एक फ्रान्समधील ग्रेनोबलचा होता. दुसरा होता केंब्रिजचा, आणि त्याचे घर होते तीच कॅव्हेंडिश प्रयोगशाळा! तेथे चार मायक्रोमीटर अंतरावरील कप्प्यांमध्ये एकाच इलेक्ट्रॉनने कित्येक येरझारा घातल्या. क्वांटम संगणकात माहितीची ने-आण करण्यासाठी ही वाट उपयोगी पडेल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वी बारा वर्षे लिहिलेल्या गणिताची ही फलश्रुती म्हणावी लागेल.