टिळकांनीं पाहिलेली वाट

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिली-अंकांत एका प्रॉटेस्टंट गृहस्थाचें चरित्र कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, आपल्या गांवांत कित्येक घरांतून रविवारीं मिस्सेला एकटी पत्नीच येते, किंवा एकटा पतीच. दुसरें माणूस उंबऱ्याच्या आंत राहतें. सप्टेंबरांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस जाऊन हेंच एक मागणें मागणाऱ्या बायका आम्ही दरवर्षीं पाहतों. आणखी किती दिवस वाट पाहावयाची, हा त्यांचा प्रश्न आमच्यापुढें वारंवार येतो. त्यास पदरचें उत्तर देण्यापेक्षां याच नगर जिल्ह्यांत राहून गेलेल्या एका माणसाची हकीकत सांगणें आम्हांस बरें वाटतें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन घराण्यांत झाला. आई लहानपणींच गेली. नाशकास त्यांनीं संस्कृत विद्या संपादिली. १८८० सालीं जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांच्या घरांत आली; त्याच लक्ष्मीबाई. टिळक बुद्धीचे तल्लख, मनाचे उदार, परंतु स्वभावानें अत्यंत उतावळे. हातांत आलेला पैसा दुसऱ्याच्या हातीं द्यावा, मनांत आलें कीं घर सोडून निघावें, असा त्यांचा क्रम. अशा पुरुषाच्या नशिबीं देवानें वाट पाहणें लिहावें, हेंच या चरित्रांतील नवल होय.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. आपणच एक नवा धर्म स्थापावा, असे तेव्हां टिळकांचे विचार चालले होते. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें. तरीही पाऊल टाकावयास जवळजवळ दोन वर्षें लागलीं, कारण पुढें काय होणार हें त्यांस दिसत होतें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या देवळांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि संसार दुभंगला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलें. पति जिवंत असतां पतिविना राहण्याची पाळी आली. मुलगा दत्तू यास घेऊन त्या बहिणीच्या आश्रयानें पंढरपुरास राहिल्या. टिळक नगरास मिशनच्या शाळेंत शिकवूं लागले. एकीकडे विठोबाचें राऊळ, दुसरीकडे ख्रिस्ताचें देऊळ, आणि मध्यें पत्रें. त्या काळांत लक्ष्मीबाईही दुःखाच्या भरांत कविता जुळवूं लागल्या. टिळकांस संयम पूर्णपणें साधला असें आम्ही म्हणणार नाहीं. तो त्यांचा पिंडच नव्हता. परंतु त्यांनीं पत्नीस टाकलें नाहीं, दुसरा संसार मांडला नाहीं, आणि तिचा देव तिच्या हातून हिसकावूनही घेतला नाहीं.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या सोंवळें घेऊनच आल्या. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. एका घरांत दोन धर्म नांदूं लागले. आमच्या मतें खरी कसोटी येथें लागली, कारण दूरच्या माणसाची वाट पाहणें एक वेळ सोपें, शेजारच्या चुलीपाशीं बसलेल्या माणसाची पाहणें कठीण. टिळकांनीं ती चूल चालूं दिली. जातिभेद देवानें केला नाहीं, माणसांनीं केला, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनांत आपोआप उगवला आणि सोंवळें हळूहळू गळालें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तोवर टिळकांच्या बाप्तिस्म्यास पांच वर्षें होत आलीं होतीं.

पुढें त्या घराचें दार कधीं मिटलें नाहीं. अनाथ मुलें त्यांत वाढलीं. बालकवि ठोंबरे यांस लक्ष्मीबाईंनीं आईची माया दिली. १९०४ सालीं टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत; म्हणून त्यांचीं भजनें अभंगांत आणि ओंवींत आहेत. सेमिनरींत असतां तीं आम्हीं मोठ्या प्रेमानें गाइलीं, आणि कर्ता आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हे हें पुष्कळ उशिरा कळलें! कळल्यावरही आमचा आवाज कमी झाला नाहीं.

१९०९ च्या सुमारास टिळकांनीं येशूचें चरित्र ओंवीबद्ध करावयास घेतलें. त्याचें नांव ख्रिस्तायन. अकरा अध्याय झाले आणि काम थांबलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणें दहन होऊन रक्षा नगरास आली. ग्रंथ अपुरा राहिला. तो हातीं घेतला लक्ष्मीबाईंनीं, ज्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें व ज्यांस अक्षरें टिळकांनींच शिकविलीं होतीं. त्यांनीं चौसष्ट अध्याय रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याही गेल्या. शेवटचा अध्याय लिहिला पंढरपुरास आईसंगें राहिलेल्या त्या दत्तूनें, म्हणजे देवदत्त टिळकांनीं, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला.

त्याची एक प्रत आपल्या धर्मग्रामाच्या कपाटांत आहे. ज्यांस वाचावयाची असेल त्यांनीं मिस्सेनंतर मागून न्यावी.