महात्मा फुले आणि मोठ्या माणसांची शाळा

जोतीराव फुले (१८२७–१८९०) म्हटलं की आपल्याला १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा आठवते. पण १८५५ मध्ये त्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली, हे आपण मुलांना सांगतो का?

असं काम एकट्याच्या खिशातून किती चालणार? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरळ हिशेब मांडला. सारा भरतो शेतकरी अन् पैसा जातो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. तो गावोगावच्या प्राथमिक शाळांवर खर्च करा, १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षकांना नीट पगार द्या, अशी त्यांची मागणी होती.

आता आपल्या बीडकडं बघा. दरवर्षी ऊसतोड जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडं निघतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब ज्याला वाचता येत नाही, तो अंगठा उमटवून मोकळा होतो. ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे, पण शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक. फडाजवळ, कोप्यांवर रात्रीचे वर्ग चालवायचे तर सरकारी निधी हवाच. साबणाची वडी घेतानाही ही माणसं कर भरतात. मग हे मागणं भीक कसं? जोतीरावांचाच हिशेब आहे तो, अजून बाकी राहिलेला.